मोडीचे सोने, मोरीचे पाणी

(पिशोर, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)





आजचा विषय मौल्यवान धातूंचा कचरा आणि पर्यावरणाचे कायदे असा आहे. सोन्याचा कधी कचरा होतो का, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. सोने कोणीच टाकत नाही. आजीच्या पुतळ्या मोडून आईचे गंठण होते, गंठण मोडून नातीची साखळी होते. जागतिक सुवर्ण परिषदेच्या अहवालानुसार 2021 साली भारतात 75 टन जुने सोने पुन्हा वापरात आले आणि जगात आपला चौथा क्रमांक लागला. त्यासाठी सरकारला कुठली मोहीम काढावी लागली नाही. प्लॅस्टिक गोळा करा म्हणून गावोगाव फलक लावावे लागतात, सोन्यासाठी कुणी लावत नाही.

मग कायदा कशासाठी? तर सोने काढून घेतल्यावर जे उरते त्यासाठी. आम्ल उरते, शिसे उरते, पारा उडून जातो, सायनाइडचे पाणी मोरीत जाते. सोन्याला शंभर धनी असतात, या उरलेल्याला एकही नसतो. ज्याने सोने घेतले त्यानेच उरलेल्याचा हिशेब द्यावा, एवढेच मला आज सांगायचे आहे. मात्र हा हिशेब गरीब कारागिराच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही, हेही त्याच दमात सांगतो.

आपल्या भागात दागिना मोडीला कधी निघतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, दवाखाना निघाला, लेकीचे लग्न ठरले, की डबा उघडतो. आधी गहाण, सुटले नाही तर मोड. सराफ कसोटीवर घासून पाहतो, काट्यावर तोलतो, घट धरतो आणि पैसे देतो. पुढे त्या दागिन्याचे काय होते? त्यात तांबे असते, चांदी असते, सांध्यांत आणखी काहीबाही असते. त्यातून शुद्ध सोने वेगळे काढावे लागते. हे काम करणारी माणसे बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत मराठी आहेत, हे आपल्याला फारसे माहीत नसते.

सांगली जिल्ह्यातले विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव हा कमी पावसाचा पट्टा. तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या बाहेर पडून सोने-चांदी गाळण्याचे काम पत्करले. त्याला ‘गलाई’ म्हणतात आणि ही माणसे स्वतःला गलाई बांधव म्हणवतात. तामिळनाडू, केरळपासून बंगाल, आसामपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात मागच्या बोळात जा, टंच काढणारा, मूस तापवणारा माणूस माणदेशी मराठी बोलताना सापडतो. गावी दिवाळीला आणि जत्रेला येतो, बंगला बांधतो, शाळेला देणगी देतो. म्हणजे दागिना मोडायला लावतो तो दुष्काळ आणि तो गाळायला माणसे पाठवतो तोही दुष्काळच. म्हणून या धंद्यातले पाण्याचे नुकसान मला जास्त लागते. पाण्याच्या टंचाईतून उभा राहिलेला हा धंदा आहे.

आता गलाईचे काम जवळून पाहू. मोडीचे सोने मुशीत घालतात, त्यात अडीच ते तीन पट चांदी टाकतात आणि दोन्ही एकत्र वितळवतात. ज्याला शुद्ध करायचे त्यात आणखी चांदी का मिसळायची? कारण सोने फार असले की ते आतल्या चांदी-तांब्याला कवच घालते आणि आम्ल आत शिरत नाही. चांदी भरपूर असली की वाट मोकळी होते. हा लालबुंद रस पाण्यात ओततात, त्याचे दाणे होतात. ते दाणे नायट्रिक आम्लात, म्हणजे बाजाराच्या बोलीत तेजाबात, उकळतात. तांबूस-तपकिरी धूर उठतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा हा धूर घशाला तर लागतोच, पण जास्त प्रमाणात गेला तर काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकते. माणूस संध्याकाळी बरा असतो आणि रात्री दम लागतो. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. चकाकी अजिबात नसते, विटकरीचा चुरा म्हणून कुणी झाडून टाकेल. तेच शुद्ध सोने. धुऊन, टाकणखार घालून 1064 अंशांच्या वर तापवले की पिवळा गोळा हाती येतो.

चांदी मात्र अजून पाण्यात आहे, आणि गलाईवाला ती सोडत नाही. त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या बुडवतो. तांबे विरघळत जाते, चांदी खाली बसते. आता पाणी सुंदर निळे दिसते. ते निळेपण म्हणजे विरघळलेले तांबे. साधा हिशेब करू. एक किलो सोन्यासाठी तीन किलो चांदी घातली असेल, तर ती सगळी परत मिळवताना जवळजवळ 900 ग्रॅम तांबे पाण्यात उतरते. जाणता कारागीर त्यात लोखंडाचा चुरा टाकून तांबेही काढून घेतो. उरलेले आम्ल चुन्याने मारले, गाळ वेगळा केला, तर प्रश्न बराचसा मिटतो. पण जागा आठ बाय दहाची असेल, घाई असेल, आणि विचारणारे कुणी नसेल, तर निळे पाणी सरळ गटारात जाते.

दुसरा कारागीर झारेकरी. सराफाच्या पेढीत रोज झाडलेली धूळ फेकत नाहीत, डब्यात साठवतात. कारागिराने हात धुतलेले पाणी पिंपात निवळत ठेवतात. बसायची सतरंजी जुनी झाली की जाळून तिची राख ठेवतात. ही धूळ, ही राख झारेकरी विकत घेतो. पाण्यात धुऊन हलकी माती वाहवतो, चुंबकाने लोखंडाचा कीस काढतो आणि उरलेल्या काळ्या रेवेत पारा घालून मळतो. पारा सोन्याचे बारीक कण धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळून घट्ट गोळा काढतात आणि तापवतात. पारा 357 अंशांना उडून जातो, सोने मागे राहते. पण उडालेला पारा जातो कुठे? आधी तापवणाऱ्याच्या छातीत, मग घरात, मग छपरावरून ओघळून मातीत. हे काम बऱ्याचदा घरीच, मुलाबाळांत होते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला आणि भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. जपानमधल्या ज्या मिनामाता गावाचे नाव त्याला दिले, तिथे रासायनिक कारखान्यातून समुद्रात गेलेला पारा माशांतून माणसांत उतरला होता.

पेढीवरची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण समोर सराफ मंडळी बसली आहेत. दागिन्याला चकाकी आणायला आणि मुलामा चढवायला काही ठिकाणी सायनाइड वापरतात. सायनाइडचे पाणी आणि तेजाबाचे पाणी एकाच मोरीत कधीही ओतू नका. दोन्ही एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि तो विचार करायलाही वेळ देत नाही. केडीएम सोन्याची पाटीही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा सोन्याचे सांधे जोडणाऱ्या डाकात कॅडमियम असायचे. ते 767 अंशांना उकळते, म्हणजे सोने वितळायच्या कितीतरी आधी, आणि त्याची वाफ फुंकणी धरणाऱ्याच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडात जाते. गिऱ्हाईक शुद्धतेची पाटी वाचून निर्धास्त व्हायचे, कारागीर खोकत राहायचा. भारतीय मानक ब्यूरोने हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमला जागा ठेवली नाही, हे चांगले झाले.

आता कायद्याकडे वळू. आपल्या राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 सालचे, म्हणजे केंद्राचा 1974 चा पाण्याचा कायदा येण्याआधीचे. पुढे 1981 चा हवेचा कायदा आला, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली 2016 चे घातक कचऱ्याचे नियम आले. हे नियम साधारण असे सांगतात: वापरलेले आम्ल, सायनाइडचा गाळ, शिशाची राख हा घातक कचरा आहे. तो ठेवायला मंडळाची परवानगी घ्या. नोंदवही ठेवा. 90 दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, छोटे असाल तर मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकते. कचरा नेताना सोबत कागद असू द्या, आणि तो अधिकृत ठिकाणीच द्या.

कायद्यातले आकडे मात्र सराफाला पटकन कळावेत असे आहेत, कारण ते त्याच्याच मापात आहेत. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे शिसे 0.1 मिलिग्रॅम, सायनाइड 0.2, पारा 0.01 आणि तांबे 3 मिलिग्रॅमपर्यंत चालते. आपल्याकडे पाणी टँकरने मोजायची सवय आहे, म्हणून टँकरमध्ये सांगतो. दहा हजार लिटरचा टँकर धरा. एक ग्रॅम शिसे एका टँकरला ही मर्यादा गाठून देते. एक ग्रॅम पारा दहा टँकरना. हे झाले सांडपाण्याचे. पिण्याच्या पाण्यात शिसे आणि पाऱ्याची मर्यादा याच्या दहापट कडक आहे, म्हणजे एक ग्रॅम पाऱ्याला शंभर टँकर. आणि मघाचे 900 ग्रॅम तांबे गटारात गेले, तर ते सांडपाण्याच्या मर्यादेपर्यंत पातळ करायला तीस टँकर लागतील. पातळ करणे हा काही उपाय नव्हे, कायद्यालाही तो मान्य नाही. घोटाळा केवढा आहे हे कळावे म्हणून हा हिशेब मांडला. ज्या पेढीवर मिलिग्रॅमसाठी काटा काचेच्या पेटीत ठेवतात, तिथे हे माप कठीण जायला नको.

मग कायदा आहे, मापही आहे, तरी पाणी गटारात का जाते? कारण कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कारखाना होता आणि हे काम बोळात चालते. घातक कचरा स्वीकारणारी सामायिक केंद्रे आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मोजक्या ठिकाणी आहेत. पिशोरच्या एखाद्या सराफाकडे महिनाभरात दोन कॅन वापरलेले आम्ल जमले. ते घेऊन तो रांजणगावला जाईल? जाऊन-येऊन दिवस मोडेल, आणि दोन कॅनसाठी तिथे त्याला दारात कोण उभे करणार? कायदा पाळणे त्याला शक्यच नसेल, तर तो पाळत नाही याचे नवल कसले. आता एप्रिल 2024 पासून पर्यावरण कायद्यात तुरुंगाऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आली. मोठ्याला दहा हजार म्हणजे चहापाणी, छोट्याला पंधरा लाख म्हणजे घरदार.

दंड हा एक मार्ग, दुसरा हाकलण्याचा. मुंबईत झवेरी बाजार-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत सोने-चांदी वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. हवा बिघडल्याची ओरड झाली तेव्हा महापालिकेने तिथली धुराडी उतरवली. रहिवाशांचा त्रास खरा होता, कारवाई चूक म्हणता येत नाही. पण धुराडे काढले म्हणून सोने वितळणे थांबत नाही. शहराने हाकललेली भट्टी गावाच्या कडेला येते, पत्र्याच्या शेडमध्ये, विहिरीजवळ, जिथे विचारणारे कुणी नाही. उत्तर प्रदेशातले मुरादाबाद पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध. तिथे देशभरातून आलेली संगणकांची सर्किटे जाळून त्यांची राख रामगंगेच्या काठावर धुतली जात असे. नदीकाठी काळ्या राखेचे थर साचले. धातू व्यापाऱ्याकडे गेला, राख नदीकडे.

आपल्याला वाटेल, पिशोरला कसली आली सर्किटे? आपल्या भंगारवाल्याच्या हातगाडीत पाहा. बंद पडलेले मोबाईल, टीव्हीचे बोर्ड, सेट-टॉप बॉक्स. खाणीतल्या एक टन दगडात चार-पाच ग्रॅम सोने निघाले तरी खाण चांगली म्हणतात. एक टन मोबाईलमध्ये मात्र 300 ग्रॅमच्या आसपास सोने असू शकते. टोकियो ऑलिंपिकची पदके जपानने लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली. सुमारे 62 लाख मोबाईल आणि त्याखेरीज हजारो टन इतर उपकरणे गोळा झाली, त्यातून 32 किलो सोने आणि 3500 किलो चांदी निघाली. जगात 2022 साली 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही.

अशा नव्या कचऱ्याचे दुसरे उदाहरण वर्तमानपत्रात वाचलेले असेल. उभ्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातात. चोराला पत्र्याचा मोह नाही. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. चोर तिची भुकटी करतात आणि ‘माती’ म्हणून विकतात. आणि तिसरे उदाहरण आपल्या शेतात उभे आहे. सौर पंपाच्या पॅनेलवर ज्या बारीक रेघा दिसतात, त्या चांदीच्या. पॅनेल वीस-पंचवीस वर्षांनी निकामी होतील, गारपिटीने फुटली तर आधीच. तेव्हा त्यांचे काय करायचे, हे आजच ठरवायला हवे.

यातल्या मोबाईल, बोर्ड, पॅनेल अशा कचऱ्यासाठी 2022 चे ई-कचरा नियम एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांचा गाभा असा, की ज्याने वस्तू बाजारात आणली, त्याने तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यायची. कंपनीला ठरलेल्या टक्केवारीइतका ई-कचरा नोंदणीकृत कारखान्यातून मोडल्याची प्रमाणपत्रे दाखवावी लागतात. 2023-24 साठी 60 टक्के, पुढे वाढत 2028-29 साठी 80 टक्के. सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर ही प्रमाणपत्रे बेतली आहेत. सौर पॅनेलही या नियमांत आहेत, निकामी झालेली पॅनेल 2034-35 पर्यंत उत्पादकांनी सांभाळून ठेवायची आहेत. या नियमांतली एक तरतूद कुणी फारशी वाचत नाही. राज्याच्या कामगार विभागाने या कामातल्या कामगारांची नोंद करावी, त्यांचे गट उभे करायला मदत करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यात लिहिले आहे. भंगारवाल्याला आणि कारागिराला कायद्याने दार उघडे ठेवले आहे, त्यातून आत घेणारे हवे.

सगळे काम मोठ्या कारखान्यांकडे द्या आणि छोट्यांना बंद करा, असेही काही जण म्हणतात. मोठ्यांकडे धूर धुणारी यंत्रे असतात, प्रयोगशाळा असतात, हे खरे. पण मोठ्याची चूकही मोठी असते. रोमानियात बाया मारे इथे जुन्या खाणींच्या टाकाऊ गाळातून सायनाइडने सोने काढण्याचा कारखाना होता. जानेवारी 2000 च्या अखेरीस त्याच्या तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी नदीत गेले. तिथून ते तिसा आणि डॅन्यूबपर्यंत पोहोचले. हंगेरीत मासे प्रचंड संख्येने मेले. तोही पुनर्वापराचाच कारखाना होता.

तेव्हा उत्तर कामाच्या वाटणीत आहे. गोळा करणे, वेगळे करणे, पारखणे हे छोट्या माणसाचे काम. त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. विट्याचा गलाईवाला धुराच्या रंगावरून आम्ल संपत आले की नाही सांगतो. आम्ल, पारा, सायनाइड मात्र त्याच्या घरातून बाहेर निघून सामायिक ठिकाणी गेले पाहिजे, जिथे धूर अल्कलीच्या पाण्यातून धुतला जाईल, पाण्याचे आम्ल मारले जाईल आणि गाळाचे पोते रीतसर रांजणगावला जाईल. एका सराफाला ते परवडणार नाही, पण कन्नड, सिल्लोड, वैजापूर तालुक्यांतले सराफ एकत्र आले तर का परवडू नये? दूध संघ, साखर कारखाने आपण असेच उभे केले. महिन्यातून एकदा गाडी फिरेल, कॅन उचलेल, पावती देईल. खर्च घडणावळीत ग्रॅममागे थोडा वाटला जाईल. जिथे मजुरीवर इतकी घासाघीस होते, तिथे त्याची वेगळी ओळ बिलात छापा, म्हणजे गिऱ्हाईकालाही कळेल की आपण कशाचे पैसे देतोय. मंडळानेही अशा सामायिक केंद्राला एकच परवानगी द्यावी. प्रत्येक पेढीवाल्याला फॉर्म भरायला लावून काही साधत नाही.

ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा जुने मोबाईल आणि बोर्ड गोळा करून नोंदणीकृत कारखान्याला द्यावेत. त्यात आपल्या भंगारवाल्यालाच कामाला घ्यावे, त्याची रोजी काढून घेऊ नये. तारा जाळून तांबे काढणे मात्र गावाच्या हद्दीत बंद करावे. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला विद्युत-रासायनिक श्रेणी शिकवतात. तांबे चांदीला खाली बसवते, लोखंड तांब्याला, हे मुलांना पुस्तकात वाचायला लावण्यापेक्षा पेढीच्या दारात नेऊन समजावून सांगा. परीक्षेत विसरणार नाहीत.

आणि माता-भगिनींना एक विनंती. सोने शेवटी तुमच्या अंगावर असते, मोडायचा निर्णय तुमच्या डोळ्यांतल्या पाण्यानिशी होतो. दागिना मोडताना आपण सगळेच विचारतो, घट किती धरणार, भाव काय लावणार. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा: हे गाळल्यावर तेजाबाचे पाणी कुठे जाणार? पहिल्यांदा सराफ हसेल. दहा बायकांनी विचारले की गलाईवाल्याला फोन करेल. शंभर बायकांनी विचारले की तालुक्यात ते केंद्र उभे राहील. गिऱ्हाईकाचा प्रश्न सराफाला टाळता येत नाही, आणि प्रदूषण मंडळाचा निरीक्षक येईल तेव्हा येईल, तुम्ही तर दर लग्नसराईला पेढीवर जाताच.